तिसऱ्या कमानीवरची आई

चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला जगातलं सगळं ठाऊक असतं, असा लोकांचा समज आहे. गाडीची वेळ विचारायला येणारे निम्मेच. बाकीचे डोळ्यांचा चांगला डॉक्टर कुठे मिळेल, मुलीच्या गावाला आत्ता थंडी असेल का, ही पिशवी जरा सांभाळता का, असल्या चौकशा घेऊन येतात. एकदा एका गृहस्थांनी खिडकीत तोंड घालून विचारलं, "बाई, मी इथे कशाला आलो होतो?" मी म्हटलं, "आजचं माहीत नाही. काल कशाला आला होता ते सांगू का?" ते रोज येतात. त्यांना कुठेच जायचं नसतं.

आमच्या शहराचं मुख्य स्टेशन हे असंच आहे. गाडी पकडायला येणाऱ्यांपेक्षा नुसते येणारे जास्त. मोठ्या हॉलमध्ये भर दुपारीही गारवा असतो म्हणून म्हातारेकोतारे येतात, घरी गोंगाट असतो म्हणून परीक्षेची पोरं येतात, आणि घरी कुणाचाच आवाज नसतो म्हणूनही काहीजण येतात. नदीला पूर आला तेव्हा अर्ध्या शहराने फलाटांवर संसार थाटले होते. त्यात दोन शेजारणींचं बादलीवरून जे जुंपलं ते अजून मिटलेलं नाही. पाणी ओसरलं, बादलीसुद्धा फुटली, पण त्या दोघी आजही तिकिटाच्या वेगवेगळ्या रांगांत उभ्या राहतात.

आधी इथे नुसती पत्र्याची शेड होती. तिला इंजिनाच्या ठिणगीने आग लागली आणि रेल्वे कंपनीने ठरवलं, आता बांधायचं ते दगडी. नव्या स्टेशनाचं तोंड पूर्वेला झालं, तसा सगळा बाजार वळून त्याच्या समोर, पश्चिमेला तोंड करून बसला. घोडागाड्यांच्या तळावर लॉज आले, चाऱ्याच्या वखारीची औषधांची दुकानं झाली. शहर आधी आणि स्टेशन मागून, असं पुस्तकात लिहितात. आमच्याकडे स्टेशन नीट उभं राहिल्यावर शहराने त्याच्याकडे बघून आपले कपडे सारखे केले.

ह्या इमारतीच्या दर्शनी बाजूला सहा कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीच्या माथ्यावर एक दगडी चेहरा आहे. ते चेहरे घडवणाऱ्यांत माझे आजोबा होते. माणूस घरात बोलायचा कमी आणि कामावर ठोकायचा जास्त. पाच चेहरे कोणाचे ते आधीच ठरलेलं होतं: कंपनीचे मालक, मुख्य इंजिनीयर, आणि पैसेवाली आणखी तीन माणसं. तिसऱ्या कमानीसाठी मात्र नकाशात ‘एक प्रवासी’ एवढंच होतं. तो चेहरा आजोबांच्या वाट्याला आला.

स्टेशन सुरू झालं त्याच वर्षी आजी तापाने गेली. आत्या सात वर्षांची होती, बाबा नुकते पाऊल टाकायला लागलेले. घरात आजीचा एकही फोटो नव्हता. फोटो काढणं हे तेव्हा मोठ्या घरचं काम. पोरगं रडायला लागलं की आजोबा त्याला कडेवर घेऊन चालत स्टेशनापर्यंत यायचे, तिसऱ्या कमानीखाली थांबायचे आणि वर बोट दाखवायचे. "ती बघ तुझी आई." बस्स. यापुढे कधी काही सांगितलं नाही, आणि ते विचारायच्या वयात बाबा यायच्या आत आजोबाही गेले.

बाबा मोठे होऊन रेल्वेतच गार्ड झाले. हातात दिवा आणि बावटा घेऊन निघाले की तिसऱ्या कमानीखाली थांबायचे, वर बघायचे आणि म्हणायचे, "जाऊन येतो ग." पुढे ती घरातल्या सगळ्यांचीच रीत झाली. लग्नानंतर पहिल्यांदाच ह्यांच्याबरोबर गाडीला निघाले, तेव्हा मी कमानीखाली थांबून "जाऊन येते ग आजी" म्हटलं. ह्यांनी मागे वळून पाहिलं, मग वर पाहिलं, मग माझ्याकडे. त्या प्रवासात ते माझ्याशी फार जपून बोलत होते.

रीत पाळायची नाही ती फक्त आत्या. ती तिच्या मुलाकडे दुसऱ्या गावाला असते, वर्षातून एखाद्या वेळी येते. कमानीखालून जाताना मान ताठ, नजर समोर. "दगडाशी काय बोलायचं? तो काय चहा टाकणार आहे?" एवढं बोलून पुढे. बाबा म्हणायचे, माझ्या बहिणीचा स्वभावच तसा. पण मला लहानपणापासून एक शंका होती. आजीला डोळ्यांनी पाहिलेलं जिवंत माणूस एकटी आत्या, आणि नेमकी तीच वर बघत नाही. तिला सरळ विचारायची हिंमत मात्र आमच्यात कुणाची झाली नाही.

तसं वर बघून दिसायचं तरी काय? कोळशाच्या इंजिनांनी सहाही चेहरे काळे ठिक्कर केले होते. नाक कुठे संपतं आणि कबुतर कुठे सुरू होतं, तेही कळत नसे. बाबांना मात्र त्यात सगळं दिसायचं. आई हसतेय, आई आज जरा रागात आहे, आईला ऊन लागतंय. मी कधी त्यांना अडवलं नाही. आई म्हणून त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

यंदा स्टेशनाची पंचाहत्तरी आली आणि आमच्या स्टेशन मास्तरांना हुरूप चढला. मास्तर तसे चांगले आहेत, फक्त फीत कापायची कात्री ते नेहमी ड्रॉवरमध्ये तयार ठेवतात. त्यांनी ठरवलं, दर्शनी भाग धुऊन काढायचा आणि प्रत्येक चेहऱ्याखाली नावाची पाटी लावायची. परांची उभी राहिली, दगड साफ करणारी एक तज्ज्ञ बाई माणसं घेऊन आली आणि ब्रश, पाणी, कसले कसले लेप सुरू झाले.

तिसरा चेहरा उघडा झाला त्या दिवशी बाबा सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभे होते. कापड बाजूला झालं. रुंद जबडा, पुढे आलेलं कपाळ, जाड भुवया. मी खिडकी सोडून धावत आले होते. तेवढ्यात चौकातले सलूनवाले खांद्यावर टॉवेल टाकून रस्ता ओलांडून आले, त्यांनी कमरेवर हात ठेवून वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तर आमचे आजोबा."

झालं. सलूनवाल्यांचं म्हणणं असं, की स्टेशनासमोरचं पहिलं दुकान त्यांच्या आजोबांचं. तुमचे आजोबा माझ्या आजोबांकडे दाढीला यायचे, रोज समोर चेहरा दिसायचा तोच त्यांनी घडवला. म्हटलं तर पटण्यासारखं होतं. बाबा तीस वर्षं ह्याच सलूनवाल्यांकडे जातात, पण आता तिथली खुर्ची म्हणजे शिक्षा झाली. सलूनवाले मुद्दे मांडायचे ते नेमके बाबांच्या गळ्यावर वस्तरा असताना. बाबा उत्तर तयार करेपर्यंत तोंडाला फेस लागलेला असायचा.

घरी आले की बाबांचं जेवण कमी झालेलं दिसायचं. एकदा ताटावरून मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं? पुरुषासारखी दिसते का ग?"

दिवसभर लोकांना उत्तरं देणारी बाई मी. बाबांना नुसता आणखी भात वाढला. म्हातारपणी माणसाची आई हिरावून घेतली जातेय, आणि ती साबण-पाण्याने, ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच भांडी आपटली.

मास्तर म्हणाले, "दोन दावेदार आहेत. मी काय करू? त्या व्यक्तीला प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी असेल तर आणा. नाहीतर नकाशात आहे तसं ‘प्रवासी’ लिहितो आणि सुटतो."

"आत्याला बोलावू या," मी बाबांना म्हटलं.

"नको. तिचे गुडघे दुखतात."

"गाडीने यायचंय, चालत नाही."

बाबा का टाळताहेत ते मला कळत होतं. आत्या ‘नाही’ म्हणाली तर त्यावर कुठे दाद मागायची? काळ्या चेहऱ्यात निदान आई असण्याची जागा तरी होती. शेवटी चहा पिता पिता तेच म्हणाले, "बोलाव तिला. रोज त्या वस्तऱ्याखाली मरण्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

आत्या आली. उतरल्या उतरल्या हमालाला त्याचं काम शिकवलं, मला वाळलीस म्हणाली, बाबांना सुटलास म्हणाली, आणि विचारलं, "कुठे आहे तो दगड?"

कमानीपुढे मास्तर, सलूनवाले, दगडवाल्या बाई आणि आमचे ते रोजचे गृहस्थ असे सगळे जमले होते. रस्त्यापलीकडे उभं राहून आत्याने हाताचा आडोसा करून वर पाहिलं. "एवढ्या लांबून मला काय दिसणार? वर घेऊन चला."

"अहो, तुमचं वय..." मास्तर म्हणाले.

"डॉक्टरने मला जिने चढायला मनाई केलीय. त्या टांगलेल्या पाळण्याचं तो काही बोललेला नाही."

परांचीला माणसं आणि सामान चढवायचा एक लोखंडी पाळणा होता. त्यात दगडवाल्या बाई, आत्या आणि मी अशा तिघी शिरलो. बाबांना मी चला म्हटलं, तर ते म्हणाले, "मी खालीच बरा आहे. मी नेहमी खालूनच बघतो." टोपी काढून हातात धरली होती आणि तिची कड बोटांनी फिरवत होते. गाडी सुटायला उशीर झाला की ते असंच करायचे.

पाळणा कुरकुरत वर गेला आणि चेहरा एकदम समोर आला. जवळून तर तो भलताच दिसत होता. कपाळ फळीसारखं पुढे, त्यावर सहज पेला ठेवता आला असता. हनुवटी घमेल्याएवढी. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. आत्याने चष्मा पुसला, पुन्हा लावला. दगडाच्या गालावर हात ठेवला.

"ही आई नव्हे ग," ती हळूच म्हणाली.

खाली बाबा मान वर करून उभे होते, टोपी तशीच हातात.

"मला आधीपासून वाटतच होतं," आत्या म्हणाली. "लहानपणीसुद्धा मी वर बघायची आणि मला ती दिसायची नाही. ह्याला दिसायची. मग मी बघायचंच सोडून दिलं. तोंडातून काही निघून जायला नको." आत्याला मी रागावताना हजारदा पाहिलंय, रडताना तेव्हाच. "आता काय सांगू त्याला? सांगते, हीच म्हणून. काय बिघडतंय?"

आयुष्यात कधी भाजीवालीला ‘भाजी बरी आहे’ असं खोटं न म्हणालेली बाई खोटं बोलायला तयार झाली होती. मी मान हलवली. मीही सामील झाले.

दगडवाल्या बाई इतका वेळ दुसरीकडे बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "एक सांगू का? पहिल्या कमानीवरच्या मालकांची नातही वर येऊन बघून गेली. ती म्हणाली, हे आमचे आजोबा नाहीत, हा कुणी पहिलवान आहे. हे चेहरे समोरून बघायचे नसतातच. खालच्या माणसाला नीट दिसावेत म्हणून मुद्दाम असे वेडेवाकडे घडवतात. कपाळ पुढे, हनुवटी मोठी. इथून तुमचा-माझा चेहरासुद्धा ओळखू आला नसता." आणि मग उतरता उतरता सहज, "ह्यालाच फक्त हनुवटीखाली एक गाठ राहिलीय. बाकी पाचांना नाही. घडवताना चुकून राहिली असेल. उद्या घासून टाकणार आहे."

खाली आलो. बाबांनी आत्याचा चेहरा बघायचंही टाळलं. सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत होते आणि आत्या तोंड उघडायच्या ऐवजी एकदम म्हणाली, "थांबा जरा. गुडघ्यांनी जीव घेतला." तिने कमानीखालच्या पायरीवर फतकल मारली. येणारे-जाणारे तिला वळसा घालून जाऊ लागले. खोटं बोलण्याआधी तिला दम घ्यायचा होता, हे मला एकटीलाच माहीत होतं.

तिने पाय चोळले. मग मान मागे टाकून वर पाहिलं.

आणि ती पाय चोळायचीच थांबली.

"अरे," ती बाबांना म्हणाली. लहान मुलीच्या आवाजात म्हणाली. "इकडे ये. खाली बस."

"काय झालं?"

"बस म्हटलं ना. उभ्याने नाही दिसायचं."

बाबा इस्त्रीच्या पँटसकट तिच्या शेजारी पायरीवर बसले. आत्याने त्यांची हनुवटी धरून मान वर केली.

"ती ओट्याशी उभी राहून काम करायची," आत्या म्हणाली, "आणि मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलेली असायची. तू माझ्या मांडीवर. मी आईला समोरून पाहिली कधी? तिच्याएवढी मी कुठे झाले होते? आम्ही खालूनच बघायचो तिला. अशीच दिसायची. आणि हनुवटीखाली, तो बघ, तीळ. चांगला वाटाण्याएवढा. मी बोट लावायची तर हसायची. कुणालाच दिसायचा नाही तो, फक्त आम्हाला."

मी आत्याच्या शेजारी उकिडवी बसले आणि वर पाहिलं. उभ्याने दिसणारा तो रुंद जबड्याचा माणूस कुठेच नव्हता. एक बाई होती. हातातलं काम न थांबवता, पायाशी कोण घुटमळतंय म्हणून खाली बघणारी बाई. आणि हनुवटीखाली दगडाचा एक गोल तीळ, इतकी वर्षं काजळीत बुडालेला.

"मला तीळ दिसत नाहीये," बाबा डोळे बारीक करत म्हणाले. "खरंच आहे का? का माझ्यासाठी सांगतेस?"

बहिणीला ते चांगले ओळखतात. आत्या काही बोलणार, तेवढ्यात सलूनवाले पुढे झाले. तेही पायरीवर वाकले, त्यांनी एकदा वर पाहिलं, मग बाबांच्या मागे टाकलेल्या मानेकडे पाहिलं, मग पुन्हा वर. खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला.

"आहे," ते म्हणाले. "शंभर टक्के आहे. हा तीळ मला पाठ आहे." त्यांनी बाबांच्या हनुवटीखाली बोट टेकवलं. "अगदी ह्याच जागी. तीस वर्षं ह्याला वळसा घालून वस्तरा नेतोय मी."

मग लक्षात आलं, तो तीळ मलाही ठाऊक होता. लहानपणी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवलं की तो दिसायचा. पुढे माझी उंची वाढली आणि मी तो विसरून गेले. माणसाच्या हनुवटीखाली बघतं कोण? त्याची पोरं, आणि त्याचा न्हावी.

"म्हणजे तुमचा दावा?" मास्तरांनी विचारलं.

"कसला दावा?" सलूनवाले म्हणाले. "माझ्या आजोबांचा चेहरा साफ होता. घरी फोटो आहे."

"मग इतके दिवस हे काय चाललं होतं?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक खुर्चीत गप्प बसतं का कधी? एवढा एक विषय होता माझ्याजवळ."

बाबा हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि टोपी हातात आहे हे विसरून टोपीनेच पुसले. आत्याने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. दोन म्हातारी माणसं स्टेशनाच्या वाटेत पाय पसरून बसली होती आणि कुणी त्यांना उठा म्हणत नव्हतं. आमचे रोजचे गृहस्थ आले, काही न विचारता त्यांच्या शेजारी बसले आणि मान मागे टाकून वर बघू लागले.

दगडवाल्या बाईंनी आपल्या माणसाला हाक मारून सांगितलं की उद्याचं घासायचं काम रद्द. पाटीवर काय लिहायचं, यावर मास्तर आणि आत्याची थोडी जुंपली. मास्तर म्हणाले, नकाशात ‘प्रवासी’ आहे. आत्या म्हणाली, "ती जन्मात गाडीत बसली नाही, प्रवासी कुठली?" शेवटी पाटीवर ‘प्रवासी’ राहिलं आणि त्याखाली ‘ज्यांनी घडवली, त्यांची पत्नी’ असं आलं. फीत मास्तरांनी कापली.

चार दिवस राहून आत्या परत निघाली. मी खिडकी बदलीवर देऊन तिला सोडायला गेले. बॅगा हमालाकडे, बाबा पुढे डबा शोधायला गेलेले. तिसऱ्या कमानीखाली आत्या थांबली. मला वाटलं, गुडघे. मी हात पुढे केला तर तिने तो बाजूला केला, कठड्याला धरून सावकाश पायरीवर बसली आणि वर पाहिलं.

"जाऊन येते ग आई," ती म्हणाली. मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, "आणि ह्याच्याकडे लक्ष ठेव. सुटलाय फार."

मग तिने उठण्यासाठी माझ्याकडे हात मागितला.